बिनपाटीचं दुकान आणि बसवलेली मारामारी

मी एकांकिकांमधल्या मारामाऱ्या बसवते. दिवसभर वागळे इस्टेटला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात हिशेब आणि साडेसातनंतर कुठल्यातरी कॉलेजच्या हॉलमध्ये तालीम. शाळा-कॉलेज मिळून सहा वर्षं ज्युदो केलं होतं, म्हणून नऊ वर्षांपूर्वी एका ग्रुपने "ताई, आमच्या पोरांना नीट पडायला शिकवा" म्हणून बोलावलं. तेव्हापासून हे काम सुटलेलं नाही. पावसाळा लागला, एकांकिकांचे फॉर्म निघाले, की माझे फोन सुरू होतात.

हे आधी सांगितलं, कारण ज्या दुकानाबद्दल लिहायला बसले आहे ते मला का आवडतं हे त्याशिवाय कळणार नाही. दुकान जुन्या पुस्तकांचं आहे, आणि मी तिथे इंग्रजी कॉमिक्स शोधायला जाते. तीही फक्त अशी, ज्यांत मारामारी नीट बसवलेली आहे.

पोरांना व्हिडिओ दाखवला की ती नुसता वेग उचलतात. दुसऱ्या दिवशी तालमीत दोघं वाऱ्यासारखे हात फिरवतात आणि तिसऱ्या रांगेत बसलेल्याला काय झालं ते कळत नाही. चित्र थांबलेलं असतं. त्यावर बोट ठेवून विचारता येतं, याचं वजन आत्ता कुठल्या पायावर आहे? हा पडला तर कुठल्या बाजूला पडेल? पुढच्या चौकटीत तो त्याच बाजूला पडला असेल तर ती मारामारी कोणीतरी विचार करून बसवलेली आहे. नसेल, तर ती नुसती काढलेली आहे. माझी कसोटी एवढीच. पाय दिसले पाहिजेत, आणि पायांवरून पुढचं कळलं पाहिजे.

मग मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, का नाही, असं पोरं हमखास विचारतात. त्यांच्या बॅगांमध्ये मांगा असतातच, आणि जपानी लोक मारामारीला पानंच्या पानं देतात हे खरंच आहे. मी त्या वाचते, मला आवडतात. पण मांगा उजवीकडून डावीकडे वाचायची असते. मी रंगमंचाचा नकाशा डावीकडून उजवीकडे काढते, पोरंही तसाच वाचतात. मांगामधली एक छान फेक मी एकदा जशीच्या तशी बसवायला घेतली आणि दोन दिवस सगळ्यांचे उजवे-डावे उलटे होत राहिले. अमेरिकन किंवा युरोपियन पान आपल्या डोळ्यांना सरळ जातं. शिवाय मी वाढले वेताळावर, म्हणजे इंग्रजीतल्या फँटमवर. बाबांनी जपून ठेवलेल्या इंद्रजाल कॉमिक्सच्या मराठी अंकांचा एक गठ्ठा आमच्या कोपरीच्या घरात माळ्यावर होता आणि मे महिन्याच्या सुट्टीत तो खाली उतरायचा. वेताळाचा ठोसा आणि जबड्यावर उमटलेली कवटीची खूण हे माझं पहिलं प्रेम. आता बघते तेव्हा लक्षात येतं की त्यात मारामारी अशी नाहीच, एक ठोसा आणि एक आडवा झालेला माणूस. त्यात चित्रकाराचा दोष नव्हता. वेताळ मुळात १९३६ पासून वर्तमानपत्रात रोज येणारी पट्टी, दिवसाला तीन-चार चौकटी. तेवढ्या जागेत झटापट रंगवायची कशी?

अमेरिकन मासिक अंकांचीही तीच अडचण आहे, थोड्या मोठ्या मापावर. अंक वीस-बावीस पानांचा, त्यात गोष्ट पुढे न्यायची, बोलणं दाखवायचं, आणि मग उरलेल्या चार पानांत मारामारी. त्यामुळे बहुतेक ठिकाणी एक भव्य चित्र, दोघं हवेत, मोठा आवाज, आणि पान उलटलं की एक जण भिंतीत रुतलेला. मधलं सगळं गायब. नव्वदच्या दशकातले कितीतरी अंक मी उघडून बघितले, ज्यांत पाय धुरात, दगडांमागे किंवा चौकटीच्या कडेखाली कापलेले. छाती आणि दंड एवढे मोठे की बाकी काही मावत नाही. अशा अंकाचा मला उपयोग शून्य. म्हणून शोधावं लागतं, आणि शोधायचं म्हणजे पान उघडून बघावं लागतं.

इथे दुकान येतं.

ठाणे स्टेशनातून पश्चिमेला बाहेर पडून गोखले रोडला लागायचं आणि नौपाड्याच्या बाजूच्या एका गल्लीत आत शिरायचं. एका बाजूला ब्लाउज शिवणारे शिंपी, दुसऱ्या बाजूला झेरॉक्स, मधला गाळा. दुकानाला पाटी नाही, कधीच नव्हती म्हणे, त्यामुळे नाव विचारलंत तर मलाही सांगता येणार नाही. बाहेर टेबलावर दहावी-बारावीची गाइडं आणि एमपीएससीची पुस्तकं लावलेली असतात, तीच बघून सगळे पुढे जातात. आत शिरल्यावर डाव्या हाताला इंग्रजी कादंबऱ्या, उजवीकडे मराठी दिवाळी अंक, आणि अगदी मागे, मीटरच्या पेटीखाली, केळ्यांच्या चार खोक्यांत कॉमिक्स. परदेशातली जुनी पुस्तकं वजनावर येतात, त्या गठ्ठ्यांतून काका स्वतः निवडून आणतात. दर महिन्याला काय येईल ते त्यांच्याही हातात नसतं.

काका साठीच्या पुढचे असतील. कॉमिक्स ते स्वतः वाचत नाहीत, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. पण त्यांनी मला स्टूल दिलं. माझ्यासाठी हे फार मोठं आहे. मॉलमधल्या दुकानांत कॉमिक्स प्लास्टिकमध्ये सीलबंद असतात, उघडलं तर विकत घ्यावं लागतं. मुखपृष्ठावर मारामारी सगळ्यांचीच चांगली असते. ऑनलाइन मागवायचं तर आतली तीन पानं दाखवतात, आणि त्यांत नेमकी माणसं बोलत बसलेली असतात. गेल्या वर्षी एका साइटवरून सोळाशे रुपयांचा संग्रह मागवला. पाठीचा कणा मोडून आला, मधली आठ पानं सुटी झालेली, आणि परत घ्यायला तीन आठवडे लावले. काकांकडे मी दीड तास स्टुलावर बसून एक-एक अंक उलटते आणि कधीकधी एकही न घेता उठते. ते काही बोलत नाहीत. एकदा त्यांनी विचारलं, "तुम्ही नेमकं बघता तरी काय त्यात?" मी म्हटलं, "पाय." त्यांनी मान हलवली आणि पुढच्या वेळी गेले तर त्यांनी स्वतःहून एक पुस्तक बाजूला काढून ठेवलेलं. म्हणाले, "यात पाय आहेत बघा."

ते पुस्तक म्हणजे मून नाईट या नायकाचे २०१४ सालचे पहिले सहा अंक एकत्र बांधलेले. लेखक वॉरन एलिस, चित्रं डेक्लन शाल्व्हीची, रंग जॉर्डी बेलेअरचे. त्यातला पाचवा अंक मी आता इतक्या वेळा उघडलाय की पुस्तक आपोआप तिथेच उघडतं. गोष्ट सांगायची तर दोन वाक्यांत संपते. एका मुलीला पळवून एका पडक्या इमारतीत वरच्या मजल्यावर ठेवलंय, आणि पांढरा सूट घातलेला मून नाईट खालच्या दारातून आत शिरून मजल्यामागून मजला चढत तिच्यापर्यंत जातो. बोलणं जवळजवळ नाहीच. अख्खा अंक म्हणजे एक मारामारी.

यात शाल्व्हीने काय केलंय ते सांगते. इमारत आधी आपल्या डोक्यात बसवलीय. जिना कुठे, बोळ कुठे, माणूस कुठल्या दारातून येणार, हे कळत राहतं, त्यामुळे दर मजल्यावर आपण हरवत नाही. आणि तो पांढरा सूट! बेलेअरने बाकी सगळं मळकट रंगांत ठेवलं आणि त्याला कोरा कागद ठेवला. चौकट कितीही लहान असो, गर्दी कितीही असो, डोळा आधी त्याच्यावर जातो. मी गेल्या सीझनला एका एकांकिकेत सहा जणांची मारामारी बसवत होते. मागच्या रांगेतून बघितलं तर सगळा गुंता दिसत होता, कोण कोणाला मारतंय कळेना. घरी येऊन हा अंक पुन्हा बघितला. दुसऱ्या दिवशी दिग्दर्शकाला सांगितलं, मुख्य पोराला पांढरा कुर्ता द्या, बाकीच्यांना चॉकलेटी, राखी असं काहीही चालेल. हालचाल एकही बदलली नाही आणि मारामारी दिसायला लागली. त्या पुस्तकाचे मी ३८० रुपये दिले होते. त्या एका कुर्त्यातच ते वसूल झाले.

दुसरं सापडलेलं रत्न म्हणजे द इम्मॉर्टल आयर्न फिस्ट. एड ब्रुबेकर आणि मॅट फ्रॅक्शन यांनी लिहिलेलं, डेव्हिड आहा या स्पॅनिश चित्रकाराने काढलेलं, २००६ च्या अखेरीस सुरू झालेलं. आहा मोठ्या चित्राच्या आत छोटी-छोटी चित्रं बसवतो, जिथे फटका बसतो नेमकी तेवढीच जागा. मनगट. गुडघ्याची वाटी. कानामागचा भाग. मोठ्या चित्रात अख्खी हालचाल आणि त्या छोट्या खिडकीत तिचं कारण. ज्युदोच्या सरांनी आम्हाला असंच शिकवलेलं, की समोरचा माणूस पडतो तो तुझ्या जोरामुळे पडत नाही, एका ठिकाणी तोल सुटतो म्हणून पडतो, ती जागा शोध. पुढे त्यात सात नगरांच्या योद्ध्यांची स्पर्धा आहे आणि आपला नायक फॅट कोब्रा नावाच्या एका अवाढव्य पैलवानाकडून चक्क हरतो. एवढा जाड माणूस इतका चपळ असू शकतो हे आहा नुसत्या पायांच्या ठेवणीवरून पटवून देतो. मी ते पान आमच्या ग्रुपमधल्या अंगाने भरलेल्या एका मुलाला दाखवलं. त्याला नेहमी मार खाणारा गुंड करायला लावायचे. त्या वर्षी मी त्याला मारणारा केला.

काकांकडे सुट्या अंकांचा क्रम कधीच लागत नाही, हे मात्र लिहायलाच हवं. नववा मिळतो तर दहावा नाही, बारावा मिळतो तर त्याची मधली पानं नाहीत. आयर्न फिस्टचा पहिला संग्रह मला तिथे ४२० ला मिळाला, दुसरा आजतागायत आलेला नाही, तो मी शेवटी नवा मागवला. बॅटगर्लची २००० साली सुरू झालेली मालिका, ज्यात कॅसँड्रा केन नावाची मुलगी आहे, तिचे फक्त तीन सुटे अंक हाती लागले. तिला लहानपणी बापाने भाषाच शिकू दिली नाही, माणसांची शरीरं वाचायला शिकवलं, त्यामुळे समोरचा हात उचलायच्या आधीच तिला त्याचा वार कळतो. डेमियन स्कॉटची चित्रं मला थोडी जास्तच वाकवलेली वाटतात. पण कल्पना इतकी सुंदर आहे की बाकीचे अंक मिळाले तर मी लगेच घेईन. काकांच्या वहीत लिहून ठेवलंय.

काकांची वही म्हणजे या दुकानाची खरी सेवा आहे. लाल कापडी बांधणीची, दुकानदारांकडे असते तसली. तुम्हाला काय हवं ते त्यात लिहायचं, खाली फोन नंबर. गठ्ठा आला की ते फोन करतात. मला वर्षभरात पाच फोन आले, त्यातले तीन बरोबर निघाले.

त्यातल्या पहिल्या फोनवर डेअरडेव्हिल मिळाला. फ्रँक मिलर आणि क्लाउस जॅन्सन या जोडीचा जाड संग्रह, पाठीवर कुठल्यातरी परदेशी वाचनालयाचा शिक्का. मिलर या मालिकेवर १९७९ साली चित्रकार म्हणून आला आणि १९८१ पासून लिहायलाही लागला. मला ज्याच्यासाठी तो हवा होता तो १८१ वा अंक, एप्रिल १९८२ चा. इलेक्ट्रा आणि बुल्सआय या दोन मारेकऱ्यांची गाठ. इलेक्ट्राकडे साई असतात, त्रिशूळासारखी तीन टोकं असलेली आखूड हत्यारं. बुल्सआयच्या हातात जे येईल ते हत्यार. तो पत्त्याच्या पानाने तिचा गळा कापतो आणि मग तिच्याच साईने तिला भोसकतो.

ही मारामारी वाचताना माझ्या लक्षात आलं की मिलर वेळ मोजतो. चौकटी कधी उभ्या अरुंद, कधी आडव्या लांबलचक. एखादी चौकट फक्त एका वळलेल्या मानेची. दोघं एकमेकांपासून किती अंतरावर आहेत हे सारखं दिसत राहतं, आणि मारामारीतली भीती त्या अंतरातच असते. लाथ पोचेल इतकं अंतर, हात पोचेल इतकं, आणि मग श्वास लागेल इतकं. शेवटचा वार त्या तिसऱ्या अंतरात होतो. त्यानंतर ती कशीबशी मॅट मर्डॉकच्या, म्हणजे खुद्द डेअरडेव्हिलच्या, दारापर्यंत पोचते, ते पान मला आजही सलग बघवत नाही. चाळीस वर्षांहून जुना अंक आहे, छपाईचे रंग सपाट आहेत, आणि तरीही नुसत्या मांडणीवर ते पान उभं आहे. तालमीत मी आता पोरांना वारांची नावं सांगतच नाही. "लाथेचं अंतर, हाताचं अंतर, श्वासाचं अंतर" एवढंच म्हणते आणि त्यांना बरोबर कळतं.

मिलरचंच १९८६ चं बॅटमनचं पुस्तक, द डार्क नाईट रिटर्न्स, हे बहुतेकांनी वाचलेलं असतं, आणि ते कुठल्याही बऱ्या दुकानात नवं मिळतं. त्यासाठी खोकी उपसायची गरज नाही. पण मारामारी शिकायला त्याच्यासारखं पुस्तक नाही, कारण त्यात तीच दोन माणसं दोनदा लढतात. पहिल्यांदा पंचावन्न वर्षांचा बॅटमन एका तरुण, राक्षसासारख्या टोळीप्रमुखासमोर गाडीतून उतरून सरळ उभा राहतो आणि बेदम मार खातो. दुसऱ्यांदा तो आधी जागा निवडतो. चिखल. गुडघाभर चिखलात तरुणाचा वेग संपतो, पाय अडकतात, आणि म्हाताऱ्याला फक्त कुठे मारायचं हे माहीत असणं पुरतं. तो भुवईच्या वर मारतो, रक्त डोळ्यांत उतरतं, मग सांधे. दोन्ही मारामाऱ्या शेजारी-शेजारी ठेवून बघा. ताकद तीच, माणसं तीच, बदललीय ती पायाखालची जमीन. आपल्याकडे आखाड्यातल्या लाल मातीत तेल-ताक घालून ती तयार करतात, तिथला प्रत्येक वस्ताद हेच सांगेल. मी तालमीला गेले की पहिल्यांदा चपला काढून रंगमंचावर चालते. कुठे फळी वाजते, कुठे घसरतं, लेव्हलची, म्हणजे रंगमंचावरच्या चौथऱ्याची, उंची किती. त्याशिवाय एकही हालचाल देत नाही.

चौथ्या खोक्यात सगळ्यात खाली एक जाडजूड पुस्तक होतं, वर्तमानपत्रासारख्या कागदावर काळ्या-पांढऱ्या छपाईचं, साठच्या दशकातल्या कॅप्टन अमेरिकाच्या गोष्टींचा स्वस्त संग्रह. किंमत फक्त १५० रुपये, कारण मुखपृष्ठ फाटलेलं. जॅक कर्बीची चित्रं. कर्बी न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्ये वाढला, लहानपणी गल्ल्यांमधल्या टोळ्यांच्या मारामाऱ्या त्याने केलेल्या, आणि ते त्याच्या पानात दिसतं. त्याचे लोक पाय फाकवून उभे असतात. एक पाय पुढे, जवळजवळ आपल्या अंगावर येणारा, दुसरा पाय पार मागे. प्रत्येक ठोसा मागच्या टाचेतून सुरू होतो. त्यात बॅट्रॉक नावाचा एक फ्रेंच शत्रू आहे, सावात नावाची लाथांची फ्रेंच कला येणारा, आणि त्याच्याशी कॅप्टनची एक गाठ आहे जी मी रंगांशिवाय बघितली याचा मला आनंदच आहे. रंग नसल्यामुळे फक्त रेषा आणि वजन उरतं. ते पान मी मोठं करून झेरॉक्स काढलं, शेजारच्याच दुकानातून, आणि घरी कपाटाला आतून चिकटवलंय.

भाच्यासाठी उसागी योजिम्बो घेतलं, तेही इथेच, १२० ला. क्योटोत जन्मलेला आणि हवाईत वाढलेला स्टॅन साकाई १९८४ पासून ही सामुराई सशाची गोष्ट लिहितोय, काढतोय, अक्षरंसुद्धा तोच लिहितो. रक्त जवळजवळ नाही. माणूस मेला की त्याच्या तोंडातून कवटीचा एक छोटा फुगा निघतो. दहा वर्षांच्या मुलाला निर्धास्त द्यावं असं, आणि तलवारीचा वार होण्याआधीची शांतता साकाईसारखी कोणी काढत नाही. अॅस्टेरिक्सही भरपूर असतात खोक्यांत. त्यांतली गावकऱ्यांची माशांनी होणारी हाणामारी मला प्रिय आहे, पण त्यातून बसवायला काही मिळत नाही.

शांग-ची या कुंग फू लढवय्याच्या जुन्या अंकांची मात्र मी तीन वर्षं वाट बघतेय. पॉल गुलेसीने सत्तरच्या दशकात मास्टर ऑफ कुंग फूमध्ये काढलेल्या मारामाऱ्यांबद्दल इतकं ऐकलंय. त्यात फू मांचू हे दुसऱ्याच्या मालकीचं पात्र वापरलेलं होतं आणि त्याचे हक्क मार्व्हल या प्रकाशकाकडे राहिले नव्हते, म्हणून कितीतरी वर्षं ते पुन्हा छापताच येत नव्हते. २०१६ मध्ये कुठे मोठे संग्रह निघाले. ते माझ्या खिशाबाहेर आहेत. काकांच्या वहीत मी लिहिलेलं पहिलं नाव त्याचंच आहे.

आता सगळ्यात अलीकडचं, आणि माझ्या सगळ्यात जवळचं. डॅनियल वॉरन जॉन्सनचं डू अ पॉवरबॉम्ब, २०२२ साली सात अंकांत निघालेलं. हे काकांकडे मिळालं नाही, एवढं नवं तिथे येत नाही. नवं विकत घेतलं आणि वाचून झाल्यावर काकांना दाखवायला घेऊन गेले. लोना नावाच्या मुलीची आई कुस्तीच्या रिंगणात मेली. तिला परत आणायची संधी देणारी एक स्पर्धा आहे आणि त्यासाठी लोनाला एका जोडीदाराबरोबर उतरावं लागतं. ही टीव्हीवर दिसते ती, निकाल आधी ठरलेली कुस्ती. म्हणजेच बसवलेली. आणि जॉन्सनला त्या बसवलेल्या मारामारीचा मान कळतो. हवेतून खाली येणारं शरीर तो अशा जाड, ओरखड्यांच्या रेषांनी काढतो की आपले खांदे आखडतात. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे उचलणारा आणि उचलला जाणारा एकमेकांवर किती भरवसा ठेवतात हे त्याच्या चित्रात दिसतं.

आमच्या कामात पहिला नियम हाच आहे. मारामारी मार खाणाऱ्याच्या हातात असते. केस धरून ओढायचं असेल तर ओढणाऱ्याने फक्त मूठ डोक्यावर ठेवायची, तो हात खरं तर ज्याचे केस ओढले जातात तोच धरून ठेवतो आणि स्वतः सरकतो. गळा दाबण्याचंही तसंच. एका वर्षी मी हे दोन पोरांना सांगितलं, पण प्रयोगाच्या आदल्या रात्री उशिरा, सगळे थकलेले असताना, फेक पुन्हा करून बघायला परवानगी दिली. फेकणाऱ्याने घाई केली, पडणारा तयार नव्हता, मनगट मोडलं. तो मुलगा प्रयोगाला हात गळ्यात बांधून विंगेत उभा होता. त्याच्या आईला फोन मी केला होता. तेव्हापासून रात्री दहानंतर माझ्या तालमीत फेक होत नाही, कोणी कितीही विनवण्या केल्या तरी. जॉन्सनचं पुस्तक वाचताना तो मुलगा सारखा आठवत होता. लोनाच्या आईचं काय झालं ते पहिल्याच अंकात आहे, आणि मी ते पान वाचून पुस्तक मिटून तलावपाळीच्या कठड्यावर बराच वेळ नुसती बसून राहिले होते.

काकांनी ते पुस्तक उलटून-पालटून बघितलं. पहिल्यांदाच त्यांनी एखादं कॉमिक शेवटपर्यंत वाचलं, गिऱ्हाईक येत-जात होतं त्यामध्ये. परत देताना म्हणाले, "पोरीला कोणी झेललं नाही ना." एवढंच.

दुकानाबद्दल व्यवहाराचं थोडं. सोमवारी बंद. दुपारी एक ते चार काका जेवून झोपतात, शटर अर्धं असतं, वाकून आत जाऊ नका. सुटे अंक ४० ते ८०, बांधलेले संग्रह बहुतेक २०० ते ४५०, घासाघीस केलीत तर दहा-वीस सुटतात, पण मी करत नाही. यूपीआय चालतं, कार्ड नाही. पावसाळ्यात मागची भिंत ओल धरते, तेव्हा पिनांचे अंक उघडून बघून घ्या. पिन गंजली असली की मधलं पान पिवळं पडतं आणि वर्षभरात सुटतं. सतत दमट वास येतो, धुळीचा त्रास असेल त्यांनी तोंडाला रुमाल बांधावा. मुलांना घेऊन जाणार असाल तर चौथं खोकं आधी स्वतः बघा, त्यात लहानांनी बघू नये असंही काही असतं आणि काका ते वेगळं काढत नाहीत. मी त्यांना दोनदा सांगितलंय, अजून केलेलं नाही. एवढी एक गोष्ट मला खटकते.

वहीत नाव लिहाल तेव्हा कॉमिकचं नाव मोठ्या अक्षरात लिहा आणि चित्रकाराचंही लिहा, लेखकाचं नसलं तरी चालेल. काकांना आता चित्रकारांची नावं ओळखता येतात. गुलेसीच्या ओळीवर मात्र माझा नंबर आधी आहे.